लाल डब्यातले पदर

नीरजा सबनीसला स्वस्थ बसलेली पाहायची असेल तर शिलाई मशीनवरच पाहावी. एरवी ही बाई जेवतानासुद्धा दोनदा उठायची, एकदा लोणचं आणायला आणि एकदा ते नको म्हणून परत ठेवायला. चहाचा कप घेऊन घरभर फिरायची, मग तो कप कुठे ठेवला म्हणून पुन्हा घरभर फिरायची. वय साठीला टेकलं तरी पायाची भिंगरी काही थांबली नाही. नवरा म्हणायचा, "अगं, जरा टेक की!" तर ही म्हणायची, "टेकते, टेकते," आणि चालती व्हायची.

नोएडातल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली तिची होती. मुलगा अंशुमन नोकरीसाठी बंगळूरला गेला, त्याची गादी अजून गरम असेल-नसेल तोच हिने खिडकीखाली मशीन सरकवलं. तिथे ती अंतरपाट करायची. दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, कुठेही मराठी लग्न ठरलं की आधी हॉल, मग भटजी आणि लगोलग नीरजामावशी, असा क्रमच पडून गेला होता. पांढऱ्या रेशमावर कशिदा, मणी, कधी रंगवलेली कमळं, कधी दोघांची नावं. आता अंतरपाटाचं आयुष्य ते केवढं? मंगलाष्टकं चालू आहेत तोवर. शेवटचं 'सावधान' झालं की तो खाली जातो, सगळे नवरीकडे बघायला लागतात, आणि महिनाभर डोळे फोडून केलेलं काम कोणीतरी मामा काखोटीला मारून पेढा खात उभा असतो. नीरजाला त्याचं काही वाटत नसे. तिचं म्हणणं एवढंच, की तेवढा वेळ नवरीसमोर दुसरं काहीच नसतं, तेव्हा ती तरी नक्की बघते.

आणि नवरीने काय बघावं, हेही हिने ठरवून टाकलेलं होतं. नवरीच्या बाजूला, बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येईल असा, तिच्या आईच्या जुन्या साडीचा पट्टा. नवऱ्याच्या बाजूला त्याच्या आईच्या. ही रीत कुठल्या शास्त्रात नाही, हिची हिनेच काढलेली. पण दिल्लीत वाढलेल्या मुलींना वाटतं की आपल्यात हे असतंच, आणि त्या न मागता साडीचा तुकडा आणून देतात.

हे सगळं सुरू झालं ते एका शालीवरून. लग्न होऊन मिरजेहून आलेली नीरजा तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवी होती. हिंदी येत नव्हती, भाजीवाल्याशी बोलायचं म्हणजे घाम फुटायचा. मराठी मंडळातल्या एका लग्नाला गेली तर ऐन वेळी अंतरपाटच सापडेना. शोधाशोध झाली, भटजी चिडले, आणि शेवटी कोणाची तरी शाल धरली. त्या शालीला ड्रायक्लीनरची चिठ्ठी तशीच टाचलेली. नवरीच्या नाकासमोर चिठ्ठी लोंबकळतेय आणि भटजी खड्या आवाजात मंगलाष्टकं म्हणतायत! नीरजाला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला तरी खांदे हलायला लागले. शेजारी बघते तर आणखी एक बाई तशीच पदर कोंबून हलतेय. ती कल्पना. हिंदूराव हॉस्पिटलच्या चढावर राहणारी, शाळेत शिकवणारी, जन्मापासून दिल्लीची. दोघी अक्षता मुठीत घेऊनच बाहेर पळाल्या आणि पायऱ्यांवर बसून पोट धरधरून हसल्या.

"तुला शिवता येतं ना?" कल्पनाने डोळे पुसत विचारलं. "मग पुढच्या लग्नाला तू शीव गं बाई. नाहीतर हे लोक टॉवेल धरतील."

तेव्हापासून कल्पना म्हणजेच हिची दिल्ली. बस कुठली पकडायची, दुधाचं कार्ड कसं काढायचं, शेजारणीला हिंदीत टोमणा कसा मारायचा, सगळं कल्पनाने शिकवलं. ती कल्पना दोन वर्षांपूर्वी गेली. आजार फार लांबला नाही, तेवढंच बरं म्हणायचं. तिचा नवरा अविनाश महिन्याच्या आत तिच्या सगळ्या साड्या वाटून मोकळा झाला, कारण कपाट उघडलं की त्याला ते सोसेना. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

आणि यंदा कल्पनाच्या मुलीचं, सुखदाचं, लग्न ठरलं. सुखदा गुरुग्रामच्या एका कंपनीत, सदानकदा मीटिंगमध्ये. पावसाळा सरता सरता ती बोटॅनिकल गार्डनच्या मेट्रो स्टेशनवर घाईघाईत भेटली आणि तिने नीरजाच्या हातात एक छोटी कापडी पिशवी ठेवली. "मावशी, आईच्या साडीचा तुकडा आहे. कपाटात खाली पेपर घालतात ना, त्याच्याखाली राहिला होता. एकच मिळाला, यार. बाकी सगळं तर बाबांनी..." एवढ्यात गाडी आली आणि पोरगी पळाली.

नीरजाने पिशवी घरी आणून खोलीत खिळ्याला अडकवली. उघडली नाही. रोज म्हणायची, उद्या उघडू. रोज हात तिकडे जायचा आणि दुसऱ्याच पिशवीवर पडायचा. घडी उलगडली की कल्पनाचा वास येणार, आणि तो आला की आपलं काही खरं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता त्या खोलीतल्या पिशव्यांबद्दल बोलायला हवं. खोलीत कपाट होतं, पण नावाला. सगळा कारभार पिशव्यांचा. एका लग्नाची एक पिशवी. खिळ्यांना, दाराच्या कडीला, खिडकीच्या गजांना, जिकडे बघावं तिकडे पिशव्या. प्रत्येकीत त्या लग्नाचं रेशीम, दोरे, मणी आणि आईच्या साडीचा तुकडा, सगळं एकत्र नांदत असायचं. पिशवीवर नाव नाही. नाव कशाला? तुटक्या बंदाची पिवळी ती भानुमतीकाकूंच्या नातीची, मिठाईच्या दुकानाची ती दिल्लीतल्याच द्वारकेच्या देविकाची. बाहेरच्याला तो उकिरडा वाटायचा, पण नीरजाला डोळे मिटून पिशवी सापडायची. सापडायची नाही ती फक्त कात्री. "माझी कात्री कोणी घेतली?" ही आरोळी दिवसातून कितीदातरी उठायची, आणि घरात माणसं दोनच असल्यामुळे आरोप कोणावर आहे हे उघड होतं.

हा आरोपी, श्रीपाद, सरकारी खात्यात जन्मभर फायली हलवून निवृत्त झालेला. माणूस भला, शब्दाला पक्का, पण पसारा बघितला की त्याचे हात आवरायला शिवशिवायचे. इतकी वर्षं ऑफिस होतं म्हणून निभावलं. आता दिवसभर घरात बसायचं आणि त्या खोलीवरून जाताना नजर जमिनीवर ठेवायची, हे किती दिवस चालणार? नोव्हेंबरात नीरजा भावाच्या, दिनकरच्या, नव्या घराच्या वास्तुशांतीला पुण्याला गेली आणि श्रीपादने ठरवलं, तिला सरप्राइज द्यायचं.

ती परत आली तेव्हा तो दारातच म्हणाला, "डोळे मीट." हाताला धरून त्याने तिला मागच्या खोलीत नेलं. "आता उघड."

खोली चकाचक होती. भिंतीला रॅक, रॅकवर पारदर्शक डबे, डब्यांवर टाइप केलेल्या चिठ्ठ्या. मणी, बारीक. मणी, मोठे. दोरे, रेशमी. कापड, लाल. कापड, हिरवे. घरचा स्टुडिओ कसा लावावा याचे व्हिडिओ श्रीपादने मन लावून बघितले होते, अट्टा मार्केटमधून रिक्षा भरून डबे आणले होते आणि कंबर धरून आठवडाभर खपला होता. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक. पण तुकड्यांना कुबट वास येतो म्हणून त्याने सगळं कापड वॉशिंग मशीनला लावलं होतं आणि खालच्या प्रेसवाल्याकडून कडक इस्त्री करून आणलं होतं. आता तो शाबासकीची वाट बघत उभा होता, चित्र दाखवायला आणलेल्या शाळकरी मुलासारखा.

"पिशव्या कुठे आहेत?" नीरजाने विचारलं.

"रिकाम्या झाल्या. कबाडीवाल्याला दिल्या."

"आणि आतलं सामान?"

"तेच तर दाखवतोय! वर्गीकरण केलं. आता तुला लाल कापड हवंय? लाल डबा काढ. विषय संपला."

"मला लाल कापड कधी हवं असतं हो?" नीरजाचा आवाज चढला. "मला भानुमतीकाकूंचं कापड हवं असतं! मला देविकाच्या सासूचं कापड हवं असतं! लाल कापड घेऊन मी काय करू, झेंडा लावू?"

"अगं, पण आधी तुला काहीच सापडत नव्हतं!"

"कात्री सापडत नव्हती! फक्त कात्री!"

"ती बघ, इथे आहे. एक नाही, ढीगभर निघाल्या. वेगळा डबा केलाय."

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ती जास्त भडकली. तिने घर डोक्यावर घेतलं. श्रीपादही शेवटी चिडला. "एक शब्द चांगला बोलू नकोस तू," म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन पेपर उलटा धरून बसला. दोघांचं बोलणं दोन दिवस 'भाजी कुठली करू' आणि 'कुठलीही' एवढ्यावरच आलं.

तरी नीरजा कामाला लागली. हिरव्या डब्यातून भानुमतीकाकूंचा शालू निघाला, जांभळ्यातून देविकाची पैठणी. जरीचं काम तिला बोटांनीच ओळखू यायचं. हळूहळू तिचा जीव थोडा भांड्यात पडला आणि तिने श्रीपादला एकदा न मागता चहाही दिला. आणि नेमका तेव्हाच सुखदाचा फोन आला.

"मावशी, रविवारी बघायला येऊ का? आईचा पट्टा कुठे लावलायस ते मला बघायचंय. रिअली, बाकी लग्नाचं काहीही होऊ दे, बस मंगलाष्टकांना तो माझ्यासमोर असला पाहिजे. आई तर नसणार. मग तेवढी तरी असेल ना."

"ये की," नीरजा म्हणाली. तोंडातून तेवढंच निघालं.

फोन ठेवला आणि तिला आठवलं. ती छोटी कापडी पिशवी! तिने ती कधी उघडलीच नव्हती. आत कुठली साडी होती, कुठला रंग होता, काठ होता की पदर होता, तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"अहो!" ती ओरडतच बाल्कनीत गेली. "खिडकीजवळच्या खिळ्याला एक छोटी पिशवी होती. कापडी. तिच्यात काय होतं?"

श्रीपादने चष्मा काढून आठवलं. कामात लबाडी केलेली नव्हती, त्यामुळे त्याला आठवलं. "एकच घडी होती. लाल. पांढऱ्या रेघांची. लाल डब्यात ठेवली मी."

तिने लाल डबा जमिनीवर उपडा केला. पांढऱ्या रेघांचे लाल तुकडे पाच निघाले. सगळे इरकलीचे पदर. इरकलीचं हे असंच असतं, साडी काळी असो, हिरवी असो की अंजिरी, पदर लालच, आणि त्यावर पांढऱ्या रेघा. आणि मराठी घरातल्या कुठल्या बाईकडे इरकल नसते? पाचही पदर धुतलेले, पाचही कडक इस्त्रीचे, आणि पाचांनाही वास एकच, साबणाचा.

एकाला हळदीचा डाग होता, धुऊनही न गेलेला, तो भानुमतीकाकूंनी शालूबरोबर दिलेला. एकाची एक कड जाड, कारण त्याला आत मांजरपाट लावलेलं, तो तिने स्वतः एका जुन्या अंतरपाटातून उसवून ठेवलेला. तिसरा तिच्या स्वतःच्या आईचा. आई गेल्यावर मिरजेहून आणलेली ती एवढीच चिंधी. कोपऱ्यात फाटलेली आणि आईने काळ्या दोऱ्याने जोडलेली. आई डावखुरी होती, त्यामुळे तिचे टाके जगाच्या उलट्या बाजूला झुकलेले असत. नीरजा तिच्या शेजारी बसून, तिचं बघून शिकली, तर हिचेही तसेच. तो पदर तिने उचलला आणि वेगळा मशीनवर ठेवला. हा तरी आता कुठल्या डब्यात जायला नको.

उरले दोन. दोन्ही कोरे करकरीत वाटणारे, डाग नाही, रफू नाही. त्यातला एक कल्पनाचा आणि दुसरा देव जाणे कोणाचा. नीरजाने दोन्ही नाकाशी धरले, गालाला लावले, उजेडात धरले. मग उठली, पाणी प्यायली, परत आली. पुन्हा धरले. कल्पनाने इरकल कधी नेसली होती? हळदीकुंकवाला? शाळेच्या गॅदरिंगला? कल्पना डोळ्यांसमोर येत होती ती नेमकी सलवार-कमीजमध्ये, थंडीचं नाक पुसत. पंचवीस-तीस वर्षांची मैत्रीण आणि तिचा पदर ओळखता येऊ नये?

शनिवारी सकाळी ती चप्पल घालून निघाली. "कुठे चाललीस?" श्रीपादने विचारलं. "कबाडीवाल्याकडे." "अगं, पिशवी रिकामी होती!" "असू दे." पिशवी मिळून काय होणार होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण घरात बसवत नव्हतं. सेक्टरच्या मागच्या बाजूला कबाडीवाल्याने तिला ढीग दाखवला आणि म्हणाला, "आंटीजी, थैलियाँ तो परसों ही निकल गईं. आप नई ले लो ना." त्याच्यावर डाफरायचं काही कारण नव्हतं, तरी ती डाफरली. मग पार्काला चक्कर मारली, घरी आली, कुकर लावला, शिट्टी व्हायच्या आत बंद केला, आणि पुन्हा त्या दोन पदरांसमोर जाऊन बसली.

दुपारी श्रीपाद हळूच दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता. "नीरजा, मी एक बोलू? चूक माझी आहे, मान्य. पण दोन्हीतला कुठलाही लाव. सुखदाला इरकल म्हणजे काय हे तरी माहीत आहे का? कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तू नाही सांगितलंस तर..."

"अहो, ती पोर त्या पट्ट्याकडे बघून आई, आई म्हणणार, आणि मी शेजारी अक्षता घेऊन उभी! तिथे मी काय करू? भलत्याच बाईच्या पदराला तिला नमस्कार करताना बघू?" तिला रडू फुटलं. "मी पिशवी उघडली असती तर ही वेळ आली नसती. तुमची चूक आहेच. पण माझीही आहे. भित्रट आहे मी, भित्रट."

श्रीपाद आत जाऊन कुकर लावून आला.

रविवारी सुखदा निघायच्या आतच नीरजाने तिला फोन केला. समोरासमोर सांगायचं ठरवलं होतं, पण धीर धरवेना. भडाभडा सगळं सांगितलं. पिशवी, डबे, वॉशिंग मशीन, दोन पदर. मग सुखदा म्हणाली, "मी येते," आणि फोन ठेवला. 'ठीक आहे' म्हणाली नाही, 'चलो, काही नाही' म्हणाली नाही. नुसतं 'मी येते'.

त्यानंतरचा वेळ नीरजाने कसा काढला ते विचारू नका. दिवाणखान्यातल्या खुर्च्या हलवल्या. परत होत्या तिथे ठेवल्या. गॅलरीतून खाली डोकावून प्रत्येक कॅब सुखदाची समजली. श्रीपादने पोहे केले, ते कोणीही खाल्ले नाहीत.

सुखदा आली ती सरळ मागच्या खोलीत गेली. बूटही काढले नाहीत. डोळे सुजलेले होते. नीरजाने दोन्ही पदर तिच्यासमोर पसरले. सुखदा जमिनीवर बसली. एक हातात घेतला, ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. पुन्हा पहिला घेतला. मग डबाच ओढला आणि त्यातलं एकेक लाल कापड काढून बघायला लागली, रेघा असलेलं, नसलेलं, साधं, जरीचं.

"बाळा, त्यात नाही. या दोघांतलाच एक आहे," नीरजा म्हणाली. "तू दिलास तेव्हा बघितला असशील ना? काही खूण आठवते?"

"नाही बघितला!" सुखदा एकदम ओरडली. "घडी होती तशीच पिशवीत टाकली मी. मला उघडवलीच नाही, मावशी. मला वाटलं तू उघडशील." आणि मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तू तो पदर हरवलास म्हणून मी चिडले होते. रस्ताभर चिडले होते. पण मला... मला माझ्याच आईची साडी ओळखता येत नाहीये. कैसी बेटी हूँ मैं?"

नीरजा तिच्याजवळ खाली बसली. आपल्यालाही ओळखता येत नाही, हे सांगून त्या पोरीचं काय भलं होणार होतं? तिने सुखदाच्या पाठीवर हात ठेवला, तर सुखदाने अंग आकसून घेतलं आणि उठून खिडकीकडे गेली. बाहेर बघत, नाक ओढत उभी राहिली. उभ्या उभ्या तिचा हात मशीनवर टेकला.

"आणि हा?"

नीरजाने मान वर केली. सुखदाच्या हातात तिच्या आईचा पदर होता.

"हा का वेगळा ठेवलायस?" सुखदा तो उलटसुलट करून बघत होती. मग तिचा अंगठा कोपऱ्यातल्या काळ्या टाक्यांवर थांबला. ती तो डोळ्यांच्या अगदी जवळ घेऊन गेली. "मावशी. हे टाके बघ. हे उलटे टाके! हे आईचे आहेत!"

"अगं..."

"माझ्या शाळेच्या स्कर्टला असेच होते. प्रत्येक वेळी उसवायचा आणि आई शिवून ठेवायची. असेच, दुसऱ्या बाजूला पडलेले. क्लासमध्ये बोअर झालं की मी बेंचखाली त्यावर बोट फिरवत बसायची. मॅथ्सच्या पेपरला पण. आय नो धिस. अंधारात पण ओळखेन मी." तिने पदर गालाला लावला आणि तिचा चेहरा असा काही मोकळा झाला की दारात उभ्या असलेल्या श्रीपादने मान फिरवली. "हाच आहे. तू वेगळा ठेवलेलास आणि तुलाच कळलं नाही, मावशी! हाच आहे ना?"

कल्पनाला सुईत दोरा ओवता येत नसे. शाळेत आख्खा वर्ग नुसत्या भुवईने गप्प करणारी ती बाई साधं बटण लावायचं म्हटलं की हात टेकायची. सुखदाचा फाटलेला स्कर्ट, उसवलेल्या बाह्या, मोज्यांची भोकं, सगळं एका गाठोड्यात बांधून दर आठवड्याला नीरजाकडे यायचं आणि नीट होऊन परत जायचं. "मीच शिवते असं सांगितलंय हं तिला," कल्पना दटावून म्हणायची. "कधी बोललीस तर बघ. पोरीसमोर माझी इज्जत आहे." आणि नीरजा कधी बोलली नव्हती. सुखदा ज्यांच्यावर बोट फिरवत मोठी झाली ते टाके नीरजाचे होते, आणि नीरजाला ते ज्या बाईने शिकवले तिच्या हातचे टाके आता सुखदाच्या गालाशी होते.

"मावशी, सांग ना. हाच ना?"

"हो," नीरजा म्हणाली. "हाच. दुसरं कोण घालतंय असे टाके?"

सुखदाने तिला मिठी मारली. मग रडली, मग हसली, मग गार पोहे बशीभर खाल्ले आणि वर आणखी मागितले. जाताना दहादा बजावलं, की टाके कापून टाकायचे नाहीत, दिसलेच पाहिजेत, बिल्कुल मधोमध. "आईने केलेलं काहीतरी माझ्या लग्नात असणार, मावशी," लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती म्हणत होती.

नीरजा मागच्या खोलीत आली. बसली, उठली, खिडकी उघडली, लावली. श्रीपाद तिच्या मागोमाग आला.

"अगं, तो तर मिरजेच्या आईंचा ना?"

"हो."

"तुझ्याकडे त्यांचं दुसरं काही आहे?"

"नाही."

"मग सांगायचंस तिला."

"काय सांगू? तुझ्या आईला सुई धरता येत नव्हती, ती तुझ्याशी खोटं बोलायची, हे सांगू?" नीरजाने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "तिला तिची आई हाताला लागली, अहो. मी काय हिसकावून घेऊ?"

तिने खालचे दोन्ही कोरे पदर उचलले आणि पांढऱ्या रेशमाच्या घडीवर ठेवले. "हे दोन्ही आतून, अस्तराखाली जातील. यांतली एक कल्पना आहे. कुठली का असेना, लग्नाला तीही हवीच." मग तिने आईचा पदर मशीनवर सरळ केला, काळे टाके मधोमध येतील असा. पट्टा कुठून कुठपर्यंत निघेल ते बोटांनी मापलं. हात थांबला. पुन्हा मापलं.

"मी धरू?" श्रीपादने विचारलं.

"धरा. ताणून धरा, सुरकुती नको."

त्याने दोन्ही टोकं धरली. नीरजा त्या टाक्यांकडे बघत राहिली.

"जा गं आई," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नाला तू उभी राहा." आणि तिने कापायला घेतलं.